विमान माघारी गेलं

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला झालं. डॉक्टरांनी घरी सोडलं तशी गाडी करून आम्ही दोघी लातूरकडं निघालो. आईच्या डोळ्यावर काळा चष्मा, मांडीवर औषधाच्या थेंबांची पिशवी आणि तोंडाला कुलूप. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. उन्हाळ्यात हा सगळा मुलूख एकाच रंगाचा होतो, करपलेल्या भाकरीसारखा. लातूर जवळ आलं तेव्हा तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पट्टीवरून घे म्हण गाडी."

"कशाला? ऊन बघ केवढं आहे."

"एकदा बघून घेते. इतके दिवस सगळं धुरकटच दिसत हुतं."

पट्टी म्हणजे विमानाची धावपट्टी. लातूरच्या बाहेर, माळावर आहे. कागदोपत्री तो विमानतळ आहे, पाटीही तशीच आहे. पण आमच्या घरात तिला पट्टीच म्हणतात. आबा, म्हणजे माझे वडील, तिथं राखणदार होते. ज्या जागेवर रोज खराटा मारायचा तिला कोणी मोठ्या नावानं हाक मारत नाही.

मी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं. खरं तर मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. आईला दवाखान्यात न्यायचं म्हणून मी विमानानं नांदेडला उतरले होते, कारण लातूरला विमान येत नाही. नांदेडला यायचं तर तेही कधी चालू असतं, कधी बंद. बंद असलं की हैदराबादला उतरा आणि रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून घ्या. निवडणूक आली की आमच्याकडं विमान येतं, म्हणजे बातमीत येतं. मग पुढारी जातात आणि विमानही जातं. लोकांनाही सवय झाली आहे. 'औंदा येणार म्हणे' असं म्हणताना आमची माणसं पावसाबद्दल बोलतात की विमानाबद्दल, ते नुसत्या सुरावरून कळत नाही.

माझी नोकरी बँकेची, त्यातही तपासणीची. त्यामुळं गेली कित्येक वर्षं या देशाचे विमानतळ मी पायाखाली घातलेत. कोचीला दार उघडलं की ओल्या पानांचा आणि खोबरेलाचा वास यायचा. गुवाहाटीला ओल्या बांबूचा. पाटण्याला एका माणसाला निरोप द्यायला अख्खं गाव आलेलं असायचं, बायका काचेला हात लावून रडायच्या. जोधपूरला तापलेल्या दगडाचा वास यायचा, आणि तिथं मात्र माझे पाय उगीच रेंगाळायचे. आता सगळीकडं एकच वास येतो, कॉफीचा आणि फरशी पुसायच्या औषधाचा. विमान कंपन्या तर किती आल्या आणि किती बुडाल्या. एका कंपनीच्या मुली लिमलेटच्या गोळ्या वाटायच्या, दुसरीत गरम जेवण मिळायचं, तिसरीत पाण्यालाही पैसे. एखाद्या सकाळी बघावं तर काउंटरवर कापड टाकलेलं, आणि कालपर्यंत हसणाऱ्या त्या पोरी कुठं गेल्या ते कोणालाच ठाऊक नसायचं. मला त्या पोरींचं वाईट वाटतं. त्यांच्या घरी त्या दिवशी काय बोलणं झालं असेल, एवढंच माझ्या मनात येतं.

कारण आमच्या घरी काय बोलणं झालं, ते मला माहीत आहे. काहीच झालं नाही.

गाडी कुंपणाजवळ थांबली. पूर्वी काटेरी तारा होत्या, आता भिंत आहे आणि भिंतीवर तारा. फाटकाला कुलूप. गजांमधून पट्टी दिसत होती, लांबच लांब, काळी, आणि तिच्यावर उन्हाची वाफ हलत होती. आई गाडीतून उतरली, पदर डोक्यावर घेतला आणि गजांना धरून उभी राहिली. मी तिच्या शेजारी. तापलेल्या डांबराचा वास आला आणि माझी बँक, माझं वय, सगळं मागं पडलं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, तरी लोक त्याला 'नवा जिल्हा'च म्हणायचे. नव्या नवरीचं नवेपण सासू विसरते, पण आमच्या लोकांनी जिल्ह्याचं नवेपण काही सोडलं नाही. भाड्याच्या खोल्यांतून कचेऱ्या मोठ्या इमारतींत गेल्या, गाड्यांचे नंबर बदलले, अहमदपूरचा माझा मामा उस्मानाबादला जायचा त्रास वाचला म्हणून उगीचच महिन्यातून एकदा कचेरीत चक्कर मारून यायचा. आणि मग माळावर पट्टी झाली. जिल्हा आहे तर विमान पाहिजेच, असं सगळ्यांना वाटायचं. सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी भाकर खायला परत, असं पारावर बोललं जायचं. ज्यांना मुंबईत काडीचं काम नव्हतं ते सगळ्यात जास्त बोलायचे.

आबांना तिथं राखणदार म्हणून घेतलं, रोजंदारीवर. आमचं घर माळाच्या कडेला, बौद्धवाड्यात. आबा सकाळी सायकलवर पट्टीच्या या टोकाहून त्या टोकाला जायचे, कुत्री हाकलायचे, धोंडे उचलायचे. विमान महिना महिना यायचं नाही. आलंच तर एखाद्या मंत्र्याचं छोटं विमान, खोकत उतरायचं. बाकीचे दिवस पट्टी गावाची होती. सुगीत तिच्यावर तूर वाळायची, उडदाच्या शेंगा वाळायच्या. बायका पापड-कुरडया घालायच्या, कारण अशी स्वच्छ आणि गरम जमीन पंचक्रोशीत दुसरी नव्हती. विमानाचा निरोप आला की आबा सायकलची घंटी वाजवत ओरडत जायचे, "उचला गं पापड, इमान आलं!" आणि बायका शिव्या देत लुगड्याच्या ओच्यात पापड भरायच्या. टिटवीनं कडेच्या खडीत अंडी घातली की आबा तिथं चुन्याचं रिंगण करून ठेवायचे, पाय पडू नये म्हणून. टिटवी तरी त्यांच्यावरच ओरडायची.

आबांचं काम म्हणजे आईचंही काम. हे कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याची हजेरी कुठं लागत नव्हती. पट्टी झाडायला तुराट्यांचे खराटे ती बांधायची. पांढऱ्या पट्ट्यांवर चुना द्यायचा तर पाणी ती आणायची, चुन्यानं तिची बोटं फाटायची आणि रात्री ती त्यांना तेल लावायची. वाऱ्याची दिशा दाखवायला खांबावर कापडाची एक लांब बाही असते, ती वाऱ्यानं फाटली आणि नवी काही येईना, तेव्हा आईनंच जुन्या धोतराची बाही शिवली, गेरूनं रंगवली. फक्त शिवताना तिनं शेपटाचं तोंड बंद केलं. पट्टीची देखरेख करणाऱ्या ओव्हरसिअर साहेबांनी सांगितलं की दोन्ही तोंडं उघडी लागतात, वारा आरपार गेला पाहिजे. आई म्हणाली, "बूड नसलेली पिशवी माझ्या हातनं शिवून होत न्हाई साहेब, घरात काही टिकत न्हाई त्यानं." शेवटी आबांनी ब्लेडनं शिवण उसवली. आई पाठमोरी बसून राहिली होती.

आईला घरात काय टिकवायचं होतं, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिला आबांची नोकरी कायम व्हायला पाहिजे होती. विमान रोजचं झालं की राखणदाराची जागा कायमची होणार, आणि कायमच्या माणसाला फाटकाजवळ क्वार्टर मिळणार, दोन खोल्यांचं, नळाचं. त्या नळावर आईचा सगळा संसार उभा होता. न बांधलेल्या क्वार्टरमध्ये मोरी कुठल्या कोपऱ्यात असेल ते तिनं ठरवून ठेवलं होतं. मला म्हणायची, "तू आंघूळ करून साळंत जाशील बघ. हंड्याच्या पाळीला बसायचं न्हाई."

पट्टीच्या कडेला पत्र्याची एक खोली होती. तिथं कोणा विमान कंपनीचा एक मोठा नकाशा लावला होता, देशातल्या सगळ्या विमानतळांना लाल रेघांनी जोडलेला. दुपारी सावलीला बसलं की आई मला नावं वाचायला लावायची. श्रीनगर, लखनौ, कलकत्ता, मद्रास. मराठवाड्यात औरंगाबादला रेघ होती, लातूरच्या जागी नुसता पिवळा रंग. आई त्या पिवळ्या रंगावर बोट ठेवून विचारायची, "इथून कुठं कुठं जाईल?" मी मनाला येईल ते सांगायचे. तिला कुठंच जायचं नव्हतं. विमानं इथून जात राहावीत, एवढंच तिला पाहिजे होतं.

मग दुष्काळ पडला. एक पावसाळा कोरडा गेला, मग दुसराही. पट्टीवर वाळत घालायला कोणाकडं काही उरलं नाही. विहिरींच्या तळाशी कपारीत वाटीनं पाणी भरायचं. हंड्याच्या पाळीवरून बायका एकमेकींचे केस उपटायच्या आणि दुपारी त्याच एकमेकींच्या उवा काढत बसायच्या. संध्याकाळी म्हातारी माणसं फाटकाशी येऊन त्या कापडी बाहीकडं बघायची, वारा फिरला का म्हणून. बाही कधी पूर्वेला फुगायची, कधी नुसतीच लोंबायची. मला अजून त्या दिवसांचा वास येतो. शेणाचा वास गेला होता, कारण गोठे रिकामे होत होते. उरला होता नुसत्या मातीचा, कोरडा, घशात बसणारा.

अख्ख्या शिवारात गवत उरलं होतं फक्त पट्टीच्या कुंपणात. वाळलेलं, पिवळं, पण गवत. आणि फाटकाची किल्ली आबांकडं.

जे शेतकरी आमच्या वाड्याकडं कधी फिरकले नव्हते ते आमच्या दारात यायला लागले. कुंपणाला लागून रान असलेले माणिकआप्पा त्यातले पहिले. एरवी ते आबांना 'लक्ष्या' म्हणायचे. गवत संपलं तसे 'लक्ष्मण' म्हणायला लागले, आणि वैशाखात तर 'लक्ष्मणराव' झाले. आई आत पदराआड हसायची. "अजून एक महिना पाऊस लांबला तर तुमाला पाव्हणं करत्यात बघा." जनावरं आत सोडायला मनाई होती. आबा स्वतः गवत कापून पेंढ्या बाहेर ठेवायचे, जो येईल त्याला. माणिकआप्पांचा चांद्या नावाचा बैल होता, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. आप्पा त्याच्यासाठी पेंढी न्यायचे आणि जाताना म्हणायचे, "चांद्या तुजं नाव काढून खातो बग." पाणी मात्र आमच्या घरचं प्यायचे नाहीत. उन्हातून आलेला माणूस, ओठ फुटलेले, तरी नको म्हणायचे.

त्याच दिवसांत निरोप आला की मुंबईहून विमान येणार. रोजचं विमान सुरू करायचं की नाही, ते बघायला मोठे साहेब येणार. ओव्हरसिअर साहेब आबांना म्हणाले, "लक्ष्मण, विमान नीट उतरू दे, साहेब खूश होऊ देत. तुझ्या कायमचं मी स्वतः बोलतो." आईनं ते ऐकलं आणि तिच्या अंगात वारं संचारलं. दोन दिवस ती पट्टी झाडत होती. चुना दिला, धोंडे वेचले. घरातलं प्यायचं पाणी घालून आबांचा खाकी सदरा धुतला. मी बघतच राहिले. त्या उन्हाळ्यात पाण्यानं कपडा धुणं म्हणजे तुपानं धुण्यासारखं होतं.

विमान यायचं होतं त्या सकाळी आबा पुढं गेले, मागून आम्ही दोघी घागर घेऊन. पट्टीच्या बरोबर मधोमध चांद्या पडला होता. कुंपण एका जागी वाकलेलं. चांद्याचं पोट फुगलेलं, पाय ताठ, तोंडात गवताचा घास तसाच. शेवटी आत येऊन त्यानं एक घास तरी घेतला होता.

बघता बघता माणसं जमली. विमान बघायला अर्धं गाव तसंही येणारच होतं. जीप आली, ओव्हरसिअर साहेब उतरले, एक पोलीस उतरला. हार-नारळ घेऊन गावातले प्रतिष्ठित आले. साहेबांनी घड्याळ बघितलं, बैल बघितला आणि आबांना म्हणाले, "बघतोस काय लक्ष्मण? ओढ ते बाजूला."

आबा म्हणाले, "साहेब, पट्टी झाडतो, गवत कापतो, धोंडे उचलतो. मेलेलं ढोर वढणार न्हाई."

"म्हणजे? तुझं कामच आहे ते."

"पट्टी राखायचं काम माझं हाय. ढोर वढायचं काम माझ्या बापानं सोडलं."

हे खरं होतं. नागपूरच्या दीक्षेनंतर आमच्या आजोबांनी आणि वाड्यातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, यापुढं गावची मेलेली जनावरं ओढायची नाहीत. गावानं त्यांची कामं बंद केली, गिरणीत दळण घेतलं नाही, पाणवठा अडवला. आजोबा कण्या खाऊन राहिले, पण दोराला परत हात लावला नाही. आबा तेव्हा लहान होते. त्या कण्यांची चव ते आम्हाला सांगायचे.

जीपचा ड्रायव्हर शहाणा माणूस. तो म्हणाला, "साहेब, जीप हाय की. दोन मिनिटांत वढून टाकतो. फकस्त पायाला दोर कोनीतरी बांधा." आणि जीपमधून चांगला जाड दोर काढून त्यानं खाली टाकला.

'कोणीतरी' म्हटल्यावर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. पोलीस म्हणाला, मी वर्दीत आहे. ड्रायव्हर म्हणाला, मी बांधला असता पण माझा सोमवार आहे. हारवाले म्हणाले, आम्ही नारळ फोडायला आलोत, विटाळ कसा करून घेणार? साहेब म्हणाले, "मी इंजिनिअर आहे!" हे ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की टिटवी उडाली. माणिकआप्पा बैलाच्या डोक्याशी उकिडवे बसले होते. त्यांना कोणीतरी म्हणालं, आप्पा, जनावर तुमचं आहे. आप्पा म्हणाले, "आमच्यात कवा कुनी बांधलाय का दोर? मला गाठसुदिक मारता येत न्हाई त्याची." दोर पडून होता, जीप उभी होती, धडधाकट बाप्ये डझनावारी होते, आणि एक गाठ मारायला माणूस नव्हता. सगळे फिरून फिरून आबांकडं बघायचे.

आई माझ्या शेजारी घागर कमरेवर घेऊन उभी होती. तिचे डोळे आबांवर खिळले होते. आबा आमच्याकडं पाठ करून, चांद्याकडं बघत उभे होते. धुतलेला सदरा पाठीला घामानं चिकटला होता.

"लक्ष्मण," साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "अरे, जन्माचं कल्याण होईल. पोरं-बाळं आहेत तुला."

"न्हाई साहेब."

मग आवाज आला. आधी माशीसारखा, मग मोठा. विमान आलं, माळावरून खाली आलं, इतकं खाली की खिडक्या दिसल्या. साहेब दोन्ही हात हलवत धावायला लागले, कशासाठी ते त्यांनाही कळलं नसेल. विमान वर गेलं, फिरून आलं. पोरं ओरडली. तिसऱ्यांदा ते आलंच नाही. वळलं, आणि ज्या बाजूनं आलं होतं त्या बाजूला लहान लहान होत गेलं. आम्ही सगळे आवाज ऐकू येईना तोवर वर बघत होतो.

"संपलं तुझं," साहेब आबांना म्हणाले. जीप गेली. दोरही घेऊन गेली. हारवाल्यांनी नारळ परत पिशवीत घातला. माणसं पांगली.

आबा पत्र्याच्या खोलीतून टिकाव-फावडं घेऊन आले. कुंपणाच्या कडेला जागा बघितली आणि खणायला लागले. दगडासारखी जमीन होती. आप्पा बघत होते. बऱ्याच वेळानं आबा न थांबता म्हणाले, "खड्डा मी खणतो आप्पा. उपाशी मेलेलं जनावर हाय, कोल्ह्या-कुत्र्याला टाकायचं न्हाई. दोर मातर तुमीच आणा, तुमीच बांधा."

आप्पांनी घरून कासरा आणला, चांद्याचा जोडीदार आणला. रडत रडत, चुकत चुकत, त्यांनी गाठ मारली. दुपार कलली तेव्हा माती ओढून झाली. आप्पा आईच्या समोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी ओंजळ पुढं केली. आईनं घागर वाकवून वरून पाणी घातलं. त्यांच्या वाड्यात तिला जन्मभर तसंच मिळालं होतं, त्यामुळं एक थेंब इकडंतिकडं झाला नाही. आप्पा घटाघटा प्याले.

पुढं काय व्हायचं ते झालं. आबांना उद्यापासून येऊ नका म्हणून निरोप आला. पट्टीवर दुसरा माणूस आला. रोजचं विमान पुढं कधीतरी सुरू झालं, मग बंद झालं, परत सुरू झालं, परत बंद झालं. भूकंपानंतर मोठमोठी माणसं इथंच उतरली म्हणतात, तेव्हा आम्ही माळ सोडून लातुरात राहायला गेलो होतो. आबा लातूरला मिस्त्रीच्या हाताखाली गेले. आई पाझर तलावाच्या कामावर मुरूम वाहायला लागली. उन्हानं काळी झाली, तिचे केस टोपल्यानं चुंबळीच्या जागी विरळ झाले ते परत आले नाहीत. मी हंड्याच्या पाळीला बसूनच शिकले. नळ आमच्या घरी आला तो माझ्या पगारातून, तेव्हा आईनं तो सोडून बघितला, बंद केला, आणि भाकरी करायला बसली.

पण त्या दिवसाबद्दल ती बोलली नाही. एक अक्षर नाही. नवरा-बायकोची भांडणं व्हायची, भांड्याला भांडं लागणारच. आबा भांडताना मधेच गप्प व्हायचे, आता ती ते काढणार म्हणून. ती काढायची नाही. हाणामारी परवडली असती, असं ते गप्प राहणं होतं. वाड्यातले लोक जयंतीच्या सभेत आबांना स्टेजवर बसवायचे, त्यांचं नाव घ्यायचे, टाळ्या व्हायच्या. आई खाली बायकांत बसलेली असायची, ती टाळी वाजवायची नाही. मला तिचा राग यायचा आणि तिची कीवही यायची. मला वाटायचं, हिला नळ पाहिजे होता, हिला काय कळणार? मोठी झाल्यावर वाटायला लागलं, मुरूम हिनं वाहिला, टाळ्या ह्यांना. आबा गेले तेव्हाही ती त्यांच्या पायाशी गप्पच बसली होती.

गज तापले होते तरी आईनं हात काढले नव्हते. पट्टीवर कोणी नव्हतं. कडेचं गवत वाऱ्यानं एका बाजूला झुकलं होतं. मी इतकी दमलेली होते की भीड राहिली नाही, आणि जे आयुष्यभर विचारायचं होतं ते विचारून टाकलं.

"आई, त्या दिवशी तुला आबांचा राग आला होता?"

"आला की," आई म्हणाली. "अजून हाय."

"नोकरी गेली म्हणून?"

"नोकरीचं काय घेऊन बसलीस? नोकऱ्या जात्यात." तिनं काळा चष्मा काढला, डॉक्टरांनी नको म्हटलं असताना. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते औषधाचं होतं की कशाचं, मला कळलं नाही. "त्यानं न्हाई म्हणलं ते बराबरच हुतं. पण मी तिथंच हुते की, घागर घेऊन. ती पट्टी मी पण झाडली हुती. न्हाई म्हणायच्या आधी एकदा वळून माझ्याकडं बघाया पाहिजे हुतं त्यानं."

"बघितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"न्हाईच म्हणले असते," आई म्हणाली. "दोघं मिळून म्हणलो असतो."